रेडिचची बुलेट

जुनी इंग्रजी मोटारसायकल घेणाऱ्याने रंगाला भुलू नये. इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक आधी नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा. रॉयल एन्फील्डची ‘बुलेट’ मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. 1955 साली मद्रास मोटर्सशी भागीदारी झाली आणि तिची जुळणी मद्रासेत होऊ लागली. 1970 च्या सुमारास इंग्रज कंपनी मिटली. मद्रासचा कारखाना मात्र चालतच राहिला. म्हणूनच रेडिचच्या गाडीला लागणारे कित्येक सुटे भाग अद्याप आपल्याकडे मिळतात. दैवाची गंमत म्हणायची!

या गाडीचा गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. नव्या गाडीची सवय असलेला माणूस ऐन उतारावर ब्रेक म्हणून उजवा पाय दाबतो, आणि गाडी थांबण्याऐवजी वरच्या गिअरात जाते. मला एकदा शेजारच्या कुंपणाने वाचविले. कुंपणाची भरपाई अर्थातच मी केली.