झिगबी जाळ्याचे स्थलांतर

झिगबी जाळ्याचे स्थलांतर म्हणजे स्मार्ट घरातील दिवे, संवेदक, कळा इत्यादी बिनतारी उपकरणे एका नियंत्रक प्रणालीकडून दुसऱ्या प्रणालीकडे सोपवण्याची प्रक्रिया होय. होम असिस्टंट (२०१३) या मुक्तस्रोत प्रणालीतील ‘झेडएचए’ आणि स्वतंत्रपणे विकसित झालेली ‘झिगबी२एमक्यूटीटी’ यांच्यामधील बदल हे तिचे परिचित उदाहरण आहे.

== पार्श्वभूमी ==

झिगबी हे आयईईई ८०२.१५.४ या मानकावर आधारलेले असून भारतात परवानामुक्त असलेल्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालते. नियंत्रक एकाच कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असेल, तर स्थलांतर ऐच्छिक राहत नाही. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे (तिचे तंत्रज्ञान झिगबीहून वेगळे) सर्व्हर पूर्वसूचनेविना बंद पडले व ग्राहकांची उपकरणे मोबाईल अ‍ॅपला प्रतिसाद देईनाशी झाली.

== कार्यपद्धती ==

जाळ्याची ओळख को-ऑर्डिनेटरमध्ये, म्हणजे बहुधा संगणकाला जोडलेल्या यूएसबी डोंगलमध्ये असते. जाळ्याचा क्रमांक, त्याचा विस्तारित क्रमांक, वाहिनी (११ ते २६ पैकी एक) आणि १२८-बिटची गुप्त किल्ली हे तपशील नव्या प्रणालीत जसेच्या तसे भरल्यास जाळे तेच राहते. मात्र नव्या प्रणालीची उपकरणसूची रिकामी असते. त्यामुळे नावे, खोल्या व स्वयंचलित आदेश पुन्हा भरावे लागतात आणि अनेक उपकरणे नव्याने जोडावीच लागतात. विजेरीवरील संवेदक बहुतेक वेळ निद्रिस्त असल्याने त्यांना हाताने जागे करावे लागते. एकच डोंगल दोन प्रणालींना एकाच वेळी वापरता येत नाही.

सर्वाधिक घोटाळा संदेश-गणकामुळे होतो. प्रत्येक संदेशासोबत हा आकडा वाढत जातो. आधीपेक्षा लहान आकड्याचा संदेश उपकरणे बनावट समजून नाकारतात. म्हणून फार जुनी प्रत डोंगलवर उतरवली, तर किल्ली बरोबर असूनही उपकरणे को-ऑर्डिनेटरचे ऐकत नाहीत. डोंगलच बदलायचे असल्यास जुन्याचा ६४-बिट पत्ता नव्यावर उतरवतात. त्यानंतर जुने डोंगल पुन्हा चालू केल्यास एकाच पत्त्याचे दोन को-ऑर्डिनेटर होऊन जाळे बिघडते.

== भारतीय घरांतील अडचणी ==

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली. ते अभियान नागरी सुविधांचे असून घरगुती उपकरणांशी त्याचा संबंध नाही, तरी ‘स्मार्ट’ या शब्दामुळे दोहोंची गल्लत होते. सोलापुरात किंवा अन्यत्र, इन्व्हर्टर सहसा निवडक दिवे-पंख्यांनाच जोडलेला असतो. वीज जाताच उरलेल्या सॉकेटवरील संदेशवाहक प्लग बंद पडतात व जाळ्याचे मार्ग बदलतात. भिंतीवरील बटणाने बंद केलेला स्मार्ट दिवाही तोच परिणाम घडवतो. स्थलांतरादरम्यान असे झाल्यास दोष नव्या प्रणालीवर ढकलला जातो.

== मॅटर ==

ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅटर मानकानुसार एकच उपकरण एकाच वेळी अनेक नियंत्रकांना जोडता येते. त्यामुळे जुना नियंत्रक न तोडता नवा पारखून पाहता येतो. जुनी झिगबी उपकरणे मात्र सेतू-उपकरणाशिवाय या सोयीचा लाभ घेऊ शकत नाहीत.