बुडबुड्यांवरचा कर

जिच्या तोंडाशी आतल्या वायूच्या दाबाने काचेची गोटी रबरी कड्याला घट्ट चिकटून बसे आणि दुकानदाराने अंगठ्याने दाबताच फस्सकन आवाज करून गळ्यात घरंगळे, ती सोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रज यंत्रज्ञाने १८७२ साली सिद्ध केली. आणि तिच्या आगेमागेच मुंबईत पालनजी (१८६५), पुण्याच्या लष्कर भागात अर्देशीर (१८८४) व पुन्हा मुंबईत ड्यूक (१८८९) अशा पारशी-इराणी कारखान्यांनी हा धंदा आपल्याकडे रुजविला. सोडा त्या काळी चैनीइतकाच औषधाचाही प्रकार होता. जड जेवणाने पोट फुगले की वडीलधारी माणसे मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानी धाडीत. साध्या सोड्यात साखर नव्हती. ती रास्पबेरी-लेमोनेडच्या रंगीत वेषात शिरली आणि पुढे कोलाच्या बाटलीत शंभर मिलिलिटरांमागे दहा ग्रॅमांच्या घरात जाऊन बसली.

सरकारी दफ्तरात मात्र नोंद पडली ती वायुमिश्रित पाण्याची. चैनीवर जबर महसूल बसवावा, या हिशेबाने १ जुलै २०१७ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि वर १२ टक्के उपकर असा जो बोजा आला, तो साखरेच्या कोलावर जसा, तसाच कृत्रिम गोडीच्या बिनसाखरी कोलावरही. ब्रिटनने २०१८ मध्ये शंभर मिलिलिटरांत पाच ग्रॅमांपासून एक दर आणि आठ ग्रॅमांपासून त्याहून चढा दर लावला, तेव्हा कायदा अंमलात येण्यापूर्वीच अनेक कारखानदारांनी पेयांतील साखर उतरविली; कारण तेथे मोजमाप साखरेचेच होते.

गरिबाच्या तोंडच्या घासावर कर नको, ही शंका ज्या प्रांताने १९३० साली शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह पाहिला, त्याने घ्यावी हे योग्यच. पण मिठावाचून शरीर चालत नाही. बाटलीतल्या साखरेवाचून ते अधिक चांगले चालते, आणि मधुमेहाच्या औषधांचा खर्च अखेर त्याच गरिबाच्या कनवटीतून जातो. म्हणून हा कर मी न्याय्य मानतो. फक्त तो साखरेच्या वजनावर हवा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कोलावर सरसकट ४० टक्के कर आला आणि साध्या सोड्यावरचा अठरावरून पाचावर उतरला, हे उचित झाले. परंतु त्याच पाच टक्क्यांच्या ओळीत, वायू नाही एवढ्याच आधारावर, साखरेने गोड केलेली फळांच्या रसाची पेयेही येऊन बसली आहेत. नळी खोचलेल्या कागदी डबीतून मुलांच्या दप्तरात जातात ती.