स्वयंचलित मेहतर

सेप्टिक टँकमध्ये दरमहा जिवाणूंची पावडर टाकावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा किंवा प्लंबरचा वाटेल. मला तो इतिहासाचा वाटतो. आमच्या गोंदियात बंगले बांधणारा नवा मध्यमवर्ग या पुड्या श्रद्धेने विकत घेतो. पुडी टाकली की टाकी उपसावी लागणार नाही, असे त्याला सांगितलेले असते. हे आश्वासन टाकीइतकेच जुने आहे.

फ्रान्समधील वेझूल येथील मूरास याने १८६० च्या सुमारास बंद टाकीत मैला सोडण्याची युक्ती काढली. १८८१ साली तिचे पेटंट झाले तेव्हा तिचा गाजावाजा 'स्वयंचलित मेहतर' या नावाने झाला. माणूस नको, टाकीच मेहतराचे काम करील! पुढे इंग्लंडातील एक्झिटर शहराचा सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरॉन याने १८९५-९६ मध्ये तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात अशा टाकीतला वायू साठवून त्यावर इंजिन चालविण्यात आले. तोच वायू आज टाकीत उतरणाऱ्याचा जीव घेतो.

टाकी स्वयंचलित कधीच नव्हती. मैल्यात आतड्यांतले असंख्य जिवाणू आधीच असतात. ते बिनपैशाचे काम करतात. तरीही न कुजणारा गाळ तळाशी बसतोच, कारण वाळू, राख, प्लास्टिक कोणताही जिवाणू खात नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही घरगुती टाकीला अशा द्रव्यांची गरज नसल्याचे सांगितले आहे. काही द्रव्ये तर बसलेला गाळ ढवळून शोषखड्ड्यात ढकलतात, आणि मग तोही तुंबतो. तेजाब किंवा द्रावके ओतणारे महाभाग विहिरीचे पाणीही नासवतात. आमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे. हा धानाचा आणि तलावांचा मुलूख; पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते, शोषखड्डा पाणी घेत नाही, आणि घरमालक टाकी 'बिघडली' म्हणून पुडी आणायला धावतो. ओल्या जमिनीवर पुडी काय करणार?

मग टाकी उपसायची कोणी? पावडरीचा सारा व्यापार हा प्रश्न न विचारण्यावर चालतो. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली बर्वे समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहण्याची चाल थांबावी, अशी तिची शिफारस होती. तेव्हा गोंदिया मध्य प्रांत व वऱ्हाडात. ते मुंबई राज्यात आले १९५६ साली. म्हणजे त्या चौकशीत आमच्या मेहतर बांधवांची गणनाच नव्हती. १९९३ चा कायदा कोरड्या संडासांपुरता होता. संडास बदलले, टोपली गेली, टाकी आली. जात मात्र टाकीच्या तोंडाशी उभीच राहिली. मोरीचे पाणी वाहून नेणारी यंत्रणा बदलून वर्णव्यवस्था वाहून जात नाही.

२०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करवून घेण्यास मनाई केली. पण त्यात एक फट आहे: संरक्षक साधने पुरविली तर ती सफाई 'धोकादायक' ठरत नाही. साधने कागदावर पुरविणे आपल्या कंत्राटदारांना चांगले जमते. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम ३० लाख झाली. मरणाचा दर वाढला. उतरणे थांबले का?

म्हणून माझे सांगणे साधे आहे. पुडीचे पैसे बाजूला ठेवावेत, आणि दर दोन-तीन वर्षांनी शोषक टँकर बोलवावा. टाकी बांधतानाच दोन्ही कप्प्यांवर झाकणे ठेवावीत. फरशीखाली गाडलेली टाकी फोडायला शेवटी माणूसच आणला जातो. आपल्या कार्यकर्त्यांनी नगरपरिषदेला विचारावे: टँकर किती, त्यांचा पाइप गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत पोचतो का, आणि पोचत नसेल तर तिथे सध्या कोण जातो?