घरात जागा कमी नाही, अडगळ बसलीय पसाऱ्याच्या जागेवर! रोजच्या सामानाला जागा काढायची कशी?

फोन येतो, "अरे, तुमच्या बिल्डिंगखालीच आहोत, वर येतोय."

पुढची चार मिनिटं घरात काय होतं, हे वेगळं सांगायला नको. डायनिंग टेबलावरचे चार्जर, औषधांच्या पट्ट्या, लाइट बिल, लग्नपत्रिका, हेडफोन, मुलांच्या वह्या आणि सकाळी वाळलेले कपडे असं सगळं उचलून आतल्या खोलीत पलंगावर जातं आणि खोलीचं दार बंद होतं. पाहुणे म्हणतात, "छान ठेवलंय घर." आणि आपण देवाला विनवत असतो की यांनी फक्त घर बघायला मागू नये.

पाहुणे गेले की तो ढीग परत टेबलावर. मग एकच वाक्य ऐकू येतं, "घरात जागाच नाही."

पण खरंच जागा नसते का?

पसारा वेगळा, अडगळ वेगळी

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे.

पसारा म्हणजे रोज वापरात असलेल्या, पण जागा ठरलेली नसल्यामुळे बाहेर पडून राहिलेल्या वस्तू. चाव्या, चष्मा, चार्जर, दप्तर, छत्री, भाजीच्या पिशव्या.

अडगळ म्हणजे वापरात नसलेल्या, तरीही जागा अडवून बसलेल्या वस्तू. बंद पडलेला मिक्सर, तीन मोबाइलपूर्वीच्या मोबाइलचं खोकं, लग्नात आलेला आणि पॅकिंगही न फोडलेला लेमन सेट.

आता घरातलं सगळ्यात सोयीचं कपाट उघडून बघा. हात सहज पोहोचेल अशा कप्प्यात बहुतेक वेळा अडगळ सापडेल. आणि रोजच्या वस्तू मात्र टेबलावर, फ्रिजवर, खुर्चीच्या पाठीवर. म्हणजे अडगळीने पसाऱ्याची जागा घेतलीय. नवीन कपाट आणलं तर हा प्रश्न सुटत नाही, कारण वर्षभरात तेही अडगळीने भरतं.

जुन्या घरांत एवढं सामान मावायचं कसं?

गावाकडचं जुनं घर आठवून बघा. दगडमातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड. त्या जाडीतच कोनाडे आणि फडताळं बसवलेली असायची. कोनाड्यात दिवा, काडेपेटी, आजोबांचा चष्मा. फडताळात लोणच्याच्या बरण्या आणि चहा-साखरेचे डबे. दाराजवळ खुंटी, तिच्यावर टोपी आणि पिशवी. कपड्यांना आडवी दांडी. दुधा-दह्याला मांजरापासून वाचवायला शिंकं. धान्याला कणगी, माठा-मडक्यांना उतरंड आणि वरच्या सामानाला माळा.

इथे दोन गोष्टी लक्षात येतात. साठवणीची बरीचशी जागा जमिनीवर नव्हती, ती भिंतीत आणि छताखाली होती. आणि बहुतेक वस्तू जिथे वापरायची, तिथेच ठेवलेली असायची.

दुसरं म्हणजे वस्तू घराबाहेर जायची वाट तयार होती. जुन्या साड्यांची गोधडी व्हायची. दारावर येणारी बोहारीण जुने कपडे घेऊन भांडं द्यायची. रद्दीवाला आणि भंगारवाला हाक मारत यायचे. मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला आणि शेवटी फरशी पुसायला.

मग फ्लॅटमध्ये काय बिघडलं?

आधी भिंती पातळ झाल्या. चार-सहा इंची भिंतीत कोनाडा कसा काढणार? मायव्हन पद्धतीच्या इमारतींत तर भिंतीही काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. त्या फोडून कप्पा करण्याचा विचारही करू नका. त्यामुळे जी साठवण भिंतीत होती, ती कपाटाच्या रूपाने खोलीत आली आणि फरशी अडवू लागली.

दुसरीकडे वस्तू बाहेर जायची वाट अरुंद झाली. सोसायटीच्या गेटवर रजिस्टर आलं आणि बोहारीण, भंगारवाला गेटबाहेर राहिले. त्याच गेटमधून डिलिव्हरीवाला मात्र दिवसातून दोनदा आत येतो.

म्हणजे घर लहान असणं हे एकच कारण नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात अख्खी कुटुंबं राहिली. खाटेखाली ट्रंका, डोक्यावर माळा, भिंतीला फळ्या असा हिशोब असायचा. पुनर्विकासात त्याच रहिवाशांसाठी ५०० चौरस फुटांची घरं ठरली. जागा तिपटीहून जास्त झाली. पण कुठली वस्तू कुठे हे ठरवलं नाही, तर ५०० चौरस फूटही भरायला वेळ लागत नाही.

अडगळीचं भाडं किती?

एक सोपा हिशोब करा. चार फूट रुंद आणि दोन फूट खोल कपाट ८ चौरस फूट फरशी अडवतं. समजा तुमच्या भागात घराचा भाव चौरस फुटाला १०,००० रुपये आहे. म्हणजे त्या कपाटाखालच्या जागेचे तुम्ही ८०,००० रुपये मोजलेत. भाव तुमच्या गावाचा घाला आणि मग आत काय आहे ते बघा. बंद मिक्सर आणि रिकामी खोकी असतील, तर आपण भंगारासाठी ईएमआय भरतोय असं समजायला हरकत नाही.

जागा काढायची कुठून?

नियम एकच आहे. वस्तू किती वेळा लागते, त्यावर तिची जागा ठरवा.

रोज लागणारं: गुडघा ते खांदा या उंचीत. न वाकता, न चढता हात पोहोचेल असा हा पट्टा म्हणजे घरातली सगळ्यात महागडी जागा. इथे अडगळ नको.

आठवड्या-महिन्याला लागणारं: गुडघ्याच्या खाली. खालचे ड्रॉवर, ओट्याखालचे मागचे कोपरे.

वर्षातून एकदा लागणारं: माळ्यावर किंवा पलंगात. आकाशकंदील, गणपतीची आरास, जादा गाद्या. दहा फूट लांब, दोन फूट खोल आणि दोन फूट उंच माळ्यात ४० घनफूट सामान बसतं. सहा बाय पाचच्या पलंगाखाली एक फूट उंचीचा कप्पा असेल, तर आणखी ३० घनफूट. एवढी जागा बहुतेक घरांत आधीच असते.

यानंतर काही जागा नव्याने सापडतात:

- दाराची मागची बाजू. छत्र्या, पिशव्या आणि ओढण्यांसाठी हुकांची एक पट्टी पुरते.
- मुख्य दाराजवळची खुंटी आणि वाटी. चाव्या, पाकीट, गाडीची कागदपत्रं. सकाळची "माझी चावी कुठंय?" ही आरोळी इथेच बंद होते.
- एक चार्जिंगची जागा. घरातले सगळे चार्जर एका ट्रेमध्ये, एका प्लगजवळ.
- माणशी एक टोपली. दिवसभरात ज्याची वस्तू बाहेर दिसेल, ती त्याच्या टोपलीत. रात्री ज्याने त्याने आपली टोपली रिकामी करायची. आईने सगळ्यांचं आवरत बसायचं नाही.

माळ्यावर डबे ठेवताना प्रत्येकावर आत काय आहे ते लिहा आणि त्या यादीचा फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. नाहीतर ठेवलेलं सापडत नाही आणि तीच वस्तू परत विकत आणली जाते.

तीन ठिकाणी सावध राहा

माळा: जड वस्तू माळ्यावर नको. आणि त्याहून महत्त्वाचं, वर चढणार कोण? घरात दुपारी एकटी असलेली आजी किंवा आई प्लास्टिकच्या स्टुलावर चढून पितळी पातेलं काढते, तेव्हा पाय घसरायला क्षण पुरतो. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं, तर माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळू शकतो. त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना लागणारी एकही वस्तू खांद्याच्या वर ठेवायची नाही. पायऱ्यांची घोडी घरात असू द्या आणि वर चढणं तरुणांकडे द्या.

जिना आणि लॉबी: घरात मावत नाही म्हणून चपलांचं कपाट, जुनी सायकल, रद्दीचे गठ्ठे बाहेर येतात. ही जागा आपली नसते, सगळ्यांची असते. आग लागली तर लिफ्ट वापरता येत नाही, जिना हीच एक वाट उरते. धुरात वाट चाचपडणाऱ्या माणसाच्या पायात तुमची सायकल येऊ नये. इमारतीतल्या आगीपासूनच्या सुरक्षेसाठी महाराष्ट्रात २००६ चा स्वतंत्र कायदा आहे, पण ही गोष्ट कायद्याच्या धाकाशिवायही कळण्यासारखी आहे.

पावसाळा: कपाट भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन इंच मोकळे सोडा. ओल असलेल्या भिंतीला टेकून कागद, पुस्तकं, पुठ्ठ्याची खोकी ठेवली की बुरशी, झुरळं आणि वाळवीला आमंत्रण. डांबर गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका, पोटात गेल्या तर विषारी असतात.

कागद आणि जुने मोबाइल यांचं काय?

कागदांचे तीन भाग करा. घराचा करारनामा, इंडेक्स टू, जन्मदाखले, मूळ गुणपत्रिका हे एका फाइलमध्ये आणि घरातल्या दोघांना तरी माहीत असलेल्या जागी. चालू बिलं आणि वॉरंटी कार्डं दुसऱ्या फाइलमध्ये. बाकी रद्दी. डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याकडून थेट आलेली कागदपत्रं कायद्याने मूळ कागदासारखीच धरली जातात. पण तुम्ही स्वतः फोटो काढून अपलोड केलेल्या कागदाला तो दर्जा नाही. त्यामुळे फोटो टाकून मूळ कागद रद्दीत देऊ नका.

जुने मोबाइल, चार्जर, बॅटऱ्या कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत. हा ई-कचरा, तो वेगळा द्यायचा असतो. फुगलेली बॅटरी असेल तर ती घरात ठेवूच नका, ती पेट घेऊ शकते.

"असू दे, लागेल कधीतरी"

सगळ्यात अवघड भाग हाच. आवरायला घेतलं की आमच्याकडेही या वाक्यावर भांडण ठरलेलं. मुलांना वाटतं आईला काही टाकवत नाही. पण ज्या माणसाने टंचाईच्या दिवसांत एकेक भांडं हप्त्याने घेतलंय, त्याच्यासाठी ते नुसतं भांडं नसतं. म्हणून दुसऱ्याच्या वस्तू परस्पर टाकू नका. आधी स्वतःचा कप्पा रिकामा करून दाखवा. वादातल्या वस्तू एका खोक्यात घाला, वर तारीख लिहा आणि पुढच्या दिवाळीपर्यंत थांबा. खोकं उघडावं लागलं नाही, तर निर्णय बहुतेक वेळा आपोआप होतो. आठवणीची एखादी वस्तू माळ्यावर कोंबण्यापेक्षा समोर ठेवा, वापरा.

आणि घर कायम आरशासारखं दिसलं पाहिजे, हा हट्टही सोडा. आवरण्याचं शास्त्र जगाला शिकवणाऱ्या जपानच्या मारी कोंडो यांनीही, तिसऱ्या मुलानंतर आपण आवरण्याचा नाद बऱ्यापैकी सोडून दिलाय, असं २०२३ मध्ये सांगितलं होतं. माणसं राहतात तिथे पसारा होणारच. पाहुण्यांचा फोन आल्यावर चार मिनिटांत प्रत्येक वस्तू आपापल्या जागी जाऊ शकली, आतल्या खोलीचं दार बंद करावं लागलं नाही, एवढं पुरे.

या रविवारी अख्खं घर काढू नका. हाताच्या उंचीवरचा एकच कप्पा रिकामा करा आणि टेबलावरचा पसारा त्यात लावून बघा.