सरपंचाचा जोडीदार

डोलवीत निवडणूक आली की आम्ही सरपंच कोण होणार तेवढंच बोलतो. उपसरपंचाचं गणित मागाहून कळतं.

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपला जोडीदार आधीच निवडतो. १९६० साली केनेडींनी टेक्सासचे जॉन्सन घेतले, कारण दक्षिणेतली मतं हवी होती. तीन वर्षांनी केनेडींचा खून झाला आणि जॉन्सनच अध्यक्ष झाले! १९८४ साली मोंडेल यांनी जेराल्डिन फेरारो या बाईंना घेतलं. बायकांच्या मतांचा हिशोब असावा. पण दोघंही हरले.

आपल्याकडे १९९३ पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. सरपंचपदही त्यात आलं, उपसरपंचपद नाही. सरपंच थेट गावाने निवडली, तरी उपसरपंच सदस्य आपल्यातून निवडतात. तिला विचारतातच असं नाही. आम्हांला वाटतं, कधी एखाद्या आळीची समजूत काढायची असते, तर कधी 'बाईला जमेल का' म्हणून पुरुष बसवतात. ती गावात नसली की कारभार त्याच्याच हाती. मग दोघी बायका का नकोत? पहिल्या सभेआधी सदस्यांच्या घरी जाऊन हे विचारायचं आम्ही ठरवलंय.