गाईचं वजन

तुमची दाढी मेंदीने केशरी झालेली आहे, गुडघे दुखताहेत आणि तुम्ही भांडायला निघाला आहात. साल 2007 की 2008, तुमच्या लेखी फरक नाही. अफगाणिस्तानातल्या कुनार प्रांतातलं हे कोरंगल खोरं. खाली पायऱ्यापायऱ्यांची गव्हाची शेतं, वर देवदार. या देवदारावरच खोऱ्याचं पोट चालायचं. काबूलने लाकडाच्या व्यापारावर बंदी घातली आणि ते थांबलं. अमेरिकन फौजेचा तळ जिथे आहे तीही पूर्वी एका लाकूडव्यापाऱ्याची वखार. तो व्यापारी आता त्यांच्याविरुद्ध लढतोय.

फाटकावर हात वर करा. तुमच्या नातवाच्या वयाचा पोरगा तुम्हाला चाचपतो, वर ओशाळून हसतो. दुभाषा म्हणतो, "बसा, काका." तुमची बोली पशई, त्याची पश्तो, कॅप्टनची इंग्रजी. तुमचा संताप दोन उंबरे ओलांडून कॅप्टनपर्यंत पोचतो तेव्हा बहुधा विनंती झालेला असतो.

दर आठवड्याला इथे शुरा, म्हणजे वडीलधाऱ्यांची बैठक, भरते. हा कॅप्टन आला त्या वेळी म्हणाला होता, आधीच्या अधिकाऱ्याचं विसरा, आता नव्याने सुरुवात करू; रस्ता होईल, कामं निघतील, हातात पैसा खेळेल. तुम्ही माना डोलावल्यात. माना डोलवायला काय जातं? पंधरा महिन्यांनी तो घरी जाणार आणि पुढचा येऊन तुम्हाला याचंही विसरायला सांगणार.

आजचं भांडण गाईचं. ती तळाच्या काटेरी तारेत अडकली, सैनिकांनी तिला मारलं आणि खाल्लं. तुम्ही चारशे-पाचशे डॉलर मागताय. वरिष्ठांशी बोलून उत्तर येतं: रोख मिळणार नाही. गाईच्या वजनाइतका तांदूळ, घेवडा, साखर घ्या.

कॅप्टन लबाड नाही, हे तुम्हालाही दिसतं. त्याला नियम आहेत, आणि त्याच्या हिशेबात सौदा चोख आहे. फक्त त्याने गाय मांसाच्या भावाने तोलली. दूध, शेण, पुढची वासरं तराजूत आलीच नाहीत. पण खरी अडचण वेगळीच. नोटा कमरेला खोचून कुणाला न कळता घरी नेता येतात. पोती घेऊन तळाच्या फाटकातून चढ चढायचा म्हणजे सगळ्या खोऱ्याच्या डोळ्यांदेखत. रात्री बंदूकवाले दार ठोठावतील आणि साखर कुठून आली ते विचारतील, तेव्हा कॅप्टन त्याच्या रेतीच्या पोत्यांमागे असेल आणि तुम्ही दारात. परक्याची मदत घेणं इथे नुसतं घेणं राहत नाही, ती साक्ष ठरते. तुम्ही उठता आणि रिकाम्या हाताने परत निघता.

याच कॅप्टनच्या तुकडीच्या काळात, ऑक्टोबर 2007 मध्ये, याका चायना गावावर हवाई हल्ला झाला. बायका-मुलं मेली. अधिकारी गावात जाऊन वडीलधाऱ्यांसमोर बसले, समजावून सांगितलं. पाहुणा दारात आला म्हणून ऐकून घेतलं गेलं. पुढे वडीलधाऱ्यांनी जिहाद पुकारला. (टिम हेदरिंग्टन आणि सेबॅस्टियन युंगर यांच्या 2010 च्या 'रेस्ट्रेपो' माहितीपटात शुरा आणि गाय दोन्ही आहेत. दुभाष्याच्या चेहऱ्याकडे पाहा. तिथे पुष्कळ कळतं.)

आता थोडं पुढे या. एप्रिल 2010. खोऱ्यात चाळीसहून जास्त अमेरिकन सैनिक मारले गेलेत. तुमच्याकडच्यांची मोजदाद कुणी नीट ठेवलेली नाही. तळ बंद होतोय. या वेळचा सौदा सरळ आहे: जाताना गोळी झाडू नका, आम्ही इंधनाचा साठा मागे ठेवतो. यात मनं जिंकायची नाहीत, रस्ता बांधायचा नाही, पंधरा महिने वाट पाहायची नाही. दोन्ही बाजूंना समोरच्याला काय हवंय ते पक्कं ठाऊक आहे. हेलिकॉप्टरं येतात, माणसं भरतात, उडतात. कुणी गोळी झाडत नाही. तुम्ही इंधनाची पिंपं बघायला उतरता, या खेपेला दिवसाढवळ्या.