दाराआडची एमिली

मागच्या वर्षी एका मुलीच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला होता, 'वर्गात मिसळत नाही.' गोंगाट झाला की ती कान झाकायची, मधल्या सुट्टीत एकटीच वहीत काहीबाही लिहीत बसायची. तो शेरा एमिली डिकिन्सनचं चरित्र वाचताना मला पुन्हा आठवला आणि खजील व्हायला झालं.

एमिलीचा जन्म १८३० सालचा, अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट गावातला. वडील वकील. तिशीनंतर तिने हळूहळू घराबाहेर पडणंच सोडलं. पाहुणे आले तर दाराआडून बोलायची. पांढरेच कपडे घालायची. पण घरासाठी पाव तीच भाजायची आणि शेजारच्या मुलांना खिडकीतून टोपलीत खाऊ सोडायची. माणसांशी तिचं वैर नव्हतं. मैत्री तिने पत्रांतून निभावली.

तबीयतही तिला साथ देईना. १८६४ आणि १८६५ या दोन्ही वर्षी डोळ्यांच्या उपचारासाठी तिला कित्येक महिने बोस्टनजवळ राहावं लागलं. डॉक्टरांनी वाचन-लेखनावर बंधनं घातली, तरी ती पेन्सिलने लिहीत राहिली. १८८६ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर मूत्रपिंडाच्या विकाराची नोंद आहे.

त्यानंतर धाकट्या बहिणीला, लॅव्हिनियाला, तिच्या खोलीत हाताने शिवलेल्या चाळीस वह्या आणि सुट्या कागदांचा ढीग सापडला. एकूण कविता जवळपास अठराशे! हयातीत छापल्या गेल्या होत्या जेमतेम दहा, त्याही निनावी.

आज काही अभ्यासक तिच्यात स्वमग्नतेची लक्षणं पाहतात, तर एका चरित्रकर्तीने फेफऱ्याची शक्यता मांडली आहे. स्वमग्नतेचं आजचं निदान पुढे आलं ते १९४३ नंतर. कबरीतल्या माणसाची तपासणी करता येत नाही, त्यामुळे हे सगळे तर्कच. तरीही त्यांचा एक फायदा आहे. ज्याला लोक 'विक्षिप्तपणा' म्हणत होते, तो कदाचित तिचा जगण्याचा मार्ग असेल, असा विचार आपण करू लागतो.

कवितांचंही तसंच झालं. १८९० साली पहिला संग्रह निघाला तेव्हा संपादकांनी तिच्या लांब रेघा काढल्या, यमकं 'सुधारली', काही ठिकाणी शब्दही बदलले. तिने लिहिल्याबरहुकूम सगळ्या कविता छापून यायला १९५५ साल उजाडलं. म्हणजे तब्बल ६५ वर्षं लोक दुरुस्त केलेली एमिली वाचत होते.

मी शिक्षक आहे, लाल पेन माझ्याही हातात असतो. उर्दूच्या तासाला असो की मराठीच्या, चूक दिसली की तो आपोआप चालतो. पण प्रत्येक वेगळेपण म्हणजे चूक नव्हे, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

या वर्षी त्या मुलीला मी खिडकीजवळची, जरा शांत जागा दिली आहे. वही दाखव, असं मात्र म्हटलेलं नाही. तिला वाटेल तेव्हा ती दाखवेल.